ठेवलेला हात

मास्तरांनी अंगठ्यानं बटण दाबलं आणि ऑटोपायलट सुटला. दुसरं बटण दाबलं, तशी वेग सांभाळणारी यंत्रणाही सुटली. दोन्ही वेळा इशाऱ्याचा आवाज झाला आणि दोन्ही वेळा त्यांनी तो, कानाजवळची माशी हाकलावी तसा, बंद केला.

"आता सगळं तुमच्याकडे," मागच्या खुर्चीतून ती म्हणाली.

"माझ्याकडेच होतं की," मास्तर म्हणाले.

शेजारचा कोपायलट हसला. परीक्षेत हसावं तेवढंच, दात न दाखवता.

काचेबाहेर संध्याकाळ होती. खाली दिवे लागलेलं शहर, पलीकडे धावपट्टी. खरं त्यातलं काहीच नव्हतं. बाहेर चांगली सकाळ होती, आणि ही कॉकपिट म्हणजे एका उंच शेडमध्ये पोलादी पायांवर उभी केलेली, पुढंमागं झुकणारी एक बंद खोली होती. बटणं खरी, खुर्च्या खऱ्या, घामही खरा. विमान तेवढं नव्हतं. कंपनीचा प्रत्येक वैमानिक वर्षातून दोनदा इथं यायचा आणि आपल्याला अजून विमान चालवता येतं हे दाखवून जायचा. दिसलं की नाही, हे ठरवणं तिचं काम. महिन्यातले काही दिवस ती स्वतः उडायची, कॅप्टनच्या खुर्चीत बसून. उरलेले दिवस या मागच्या खुर्चीत, दुसऱ्यांच्या मानांकडे बघत. मानेवरून माणूस किती घाबरलाय ते तिला कळायचं. मास्तरांची मान निवांत होती.

काम साधं होतं. विमान हातानं खाली आणायचं, ठरलेल्या उंचीवर सरळ धरायचं, मग धावपट्टीकडे वळवायचं. उतरतं विमान सरळ धरायचं म्हणजे इंजिनांना ताकद द्यावी लागते. नाहीतर उतार संपल्यावर पायडल न मारलेल्या सायकलीसारखा वेग जातो. एरवी ती ताकद यंत्रणाच देते. दोन खुर्च्यांच्या मधल्या थ्रॉटलच्या मुठी आपणहून पुढं सरकतात, आणि वैमानिकाचा हात त्यांच्यावर नुसता ठेवलेला असतो, सोबत चालणाऱ्याच्या खांद्यावर ठेवावा तसा.

उंची आली. मास्तरांनी डाव्या हातानं विमान सरळ केलं. सुरेख केलं, भरलेला पेला टेबलावर ठेवावा इतक्या अलगद. उजवा हात मुठींवर होता. तो तिथंच राहिला.

वेगाचा आकडा उतरायला लागला.

उंची सुटू नये म्हणून मास्तर नाक जरा जरा वर घेत होते. उजव्या हाताची बोटं सैल होती, थोडी वाकलेली. तिला आधी वाटलं, त्यांचं लक्ष नाही. मग ती त्या हाताकडे बघत राहिली, आणि तिला कळलं की हात वाट बघतोय. मुठी आता सरकतील, म्हणून.

कोपायलटनं आकड्याकडे बघितलं, मास्तरांकडे बघितलं, परत आकड्याकडे. तोंड उघडलं आणि मिटलं.

मग मास्तरांच्या हातातलं चाक खडखडायला लागलं. याच्यापुढे मी तरंगणार नाही, हे सांगायची विमानाची ती रीत. मास्तर दचकले, नाक खाली घातलं, मुठी पुढं लोटल्या. सगळी खोली पुढं झुकली. तिच्या मांडीवरचं पेन घरंगळत जाऊन कोपायलटच्या बुटाशी थांबलं. वेग परत आला.

"हं," मास्तर म्हणाले.

तिनं मागं पडद्यांपाशी बसलेल्या तंत्रज्ञाला सिम्युलेटर थांबवायला सांगितलं. खालचं शहर जागच्या जागी गोठलं.

"तुमचा थ्रॉटल जड झालाय," मास्तर मागं न वळता म्हणाले. "तेलपाणी करता की नाही? का पगारातच सगळं जातं?"

"परत एकदा करू," ती म्हणाली. "नियमात एकदा परत बसतं."

दुसऱ्यांदा सगळं ठीक झालं. काय येणार आहे ते आता मास्तरांना ठाऊक होतं. त्यांचा उजवा हात क्षणभर स्वस्थ बसला नाही. तापलेल्या पोराच्या कपाळावर आईचा हात जावा तसा पुन्हा पुन्हा मुठींवर जात राहिला. आकडा जागचा हलला नाही. नियमाप्रमाणे मास्तर पास झाले होते.

तिनं पेन उचललं. पण लिहिलं काही नाही.

*

कोपायलटला तिनं आधी मोकळं केलं. तो बॅग खांद्याला लावून दारात उभा होता.

"पहिल्या वेळी आकडा दिसत होता तुला?"

"हो, मॅडम."

"मग बोलला का नाहीस?"

तो बॅगेचा पट्टा ओढत राहिला. "सरांचा हात होता ना थ्रॉटलवर. मला वाटलं, सरांच्या लक्षात असेल."

"हात होता, हो," ती म्हणाली.

मास्तर कॉरिडॉरमधल्या यंत्रापुढे कॉफी घेत उभे होते. यंत्रानं एक कप दिला, मग कुणी न मागता दुसरा दिला.

"बघ, तुझी पण काढली त्यानं," मास्तर म्हणाले. "माणसांपेक्षा बरं आहे. घे, बारके."

बारकी हे नाव त्यांनीच ठेवलेलं. ती शिकायला आली तेव्हा दोन खुर्च्यांच्या त्या लहान विमानात तिला पुढचं दिसायचं नाही. घरून उशी आणायची, ती बुडाखाली घ्यायची, आणि मास्तर शेजारी बसून म्हणायचे, "चला, महाराणी बसल्या, आता राज्य चालवा." जरा शिकली, तसं त्यांनी एक दिवस खिशातला रुमाल काढून वेगाच्या काट्यावर अडकवला.

"दिसत नाहीये, मास्तर."

"दिसायला कशाला हवंय? ऐक. वारा पातळ ऐकू यायला लागला की वेग गेला. आणि चाक हाताला ढिलं लागलं की फार गेला."

"आणि नाही कळलं तर?"

"डोळ्यांना शेवटी कळतं. बुडाला सगळ्यात आधी. त्याला विचारत जा. तू तर उशी घेऊन बसतेस, म्हणून उशिरा कळतं."

त्या रुमालाखाली ती उडायला शिकली. एकटीला सोडायच्या आधी मास्तरांनी तिला दोनदा नापास केलं होतं. तेव्हा तिनं घरी जाऊन उशीत तोंड खुपसून रडारड केली होती. गोष्टींचं काही वाटायचे दिवस होते ते. आता तिला बऱ्याच गोष्टींचं काही वाटत नसे, आणि वाटत नाही याचंही काही वाटत नसे. माणसं यायची, घामेजायची, पास व्हायची. ती सही करायची आणि गाडी काढून घरी जायची.

"वर्षभर राहिलंय माझं," मास्तर कॉफीत फुंकर घालत म्हणाले. "मग मी सुटलो आणि विमान सुटलं. बायकोनं आत्ताच सांगून ठेवलंय, घरात कशाला हात लावायचा नाही. परवा मिक्सर लावला, तर झाकण वर आणि चटणी माझ्या डोक्यावर."

ती हसली. मग म्हणाली, "थ्रॉटलचं खरंच वाटतंय तुम्हाला?"

"म्हणजे काय? जड होता. नाहीतर माझा हात तिथंच होता की."

त्यांच्या चेहऱ्यावर खोटं काही नव्हतं. तेच जड गेलं तिला. खोटं बोलले असते, तर सोपं होतं.

"तुम्ही त्या खोलीत बसा," ती म्हणाली. "वैमानिकानं तक्रार केली की मला तपासून बघावं लागतं. बघते आणि येते."

तिला ठरवायचं होतं ते एवढंच. पास म्हणून सही केली, तर मास्तर परवापासून पुन्हा दीडदोनशे माणसं पाठीशी घेऊन उडतील, आणि एखाद्या दिवशी यंत्रणा नसेल आणि तेव्हा त्यांना आधी कुणी सांगितलेलं नसेल. सरावाला पाठवलं, तर दोन महिने जमिनीवर, पुन्हा परीक्षा, मग वैद्यकीय तपासणी; या वयात तिथून सहसा कुणी परत येत नसे. निरोपाचा केक मात्र यायचा.

*

तंत्रज्ञ मागच्या पडद्यांपाशी डबा उघडायच्या बेतात होता.

"थोडा वेळ ठेव चालू," ती म्हणाली. "थ्रॉटल बघायचाय."

"सकाळीच बघितलाय, मॅडम. लोण्यासारखा आहे."

"तरी."

ती डाव्या खुर्चीत बसली. खुर्ची पुढं घेतली, वर घेतली. उशी लागत नव्हती आता, खुर्च्या सुधारल्या होत्या. तीच संध्याकाळ, तेच शहर. तिनं स्वतःच्या अंगठ्यानं ऑटोपायलट सोडला, मग वेगाची यंत्रणा सोडली, आणि मुठी पुढंमागं केल्या. लोण्यासारख्या होत्या.

खरं म्हणजे काम तिथं संपलं होतं. पण बसलोच आहोत तर मास्तरांचाच धडा करून बघावा, असं तिनं ठरवलं. पहिल्यांदा खाली आणलं, सरळ धरलं, ताकद दिली. आकडा शहाण्यासारखा जागी राहिला. तिनं विमान आणखी खाली घेतलं. खाली घेताघेता ती मनात वाक्य जुळवायला लागली. मास्तरांबद्दल लिहायचं ते. 'वेगाकडे दुर्लक्ष' लिहिलं तर ते खरं नाही. 'यंत्रणेवर विसंबण्याची सवय' म्हटलं तर कार्यालयातले म्हणतील, ती तर आम्हीच लावली. 'हात ठेवलेला होता, पण' असं लिहावं आणि पणच्या पुढं काय लिहावं, इथवर ती आली होती. उंची आली. तिनं विमान सरळ केलं. मुठी हाताखाली गार होत्या, गुळगुळीत. बरं वाटत होतं. कुणीतरी आपलं काम करत असताना सोबत बसावं, तसं.

मग चाक खडखडलं.

तिच्या हातांनी पुढचं सगळं बरोबर केलं. नाक खाली, मुठी पुढं. खोली झुकली आणि परत सरळ झाली. शहर खालून गेलं. ती उजव्या हाताकडे बघत बसली. यंत्रणा तिनं स्वतः बंद केली होती. कुणी फसवलं नव्हतं. आणि वारा पातळ झालेला तिला ऐकू आला नव्हता; बुडालाही काही कळलं नव्हतं.

ही वेळ हादरायची असते, एवढं तिला समजत होतं. ती हादऱ्याची वाट बघत राहिली. तो आला नाही.

मागून डब्याच्या झाकणाचा आवाज झाला.

"मॅडम, बंद करू?" तंत्रज्ञानं विचारलं. त्यानं काय बघितलं आणि काय नाही, हे त्याच्या आवाजात नव्हतं.

"कर."

*

ज्या खोलीत मास्तर बसले होते तिची एक भिंत काचेची होती. पलीकडे शेड दिसायची आणि शेडमध्ये ती पोलादी पायांवरची खोली. मास्तर काचेकडे तोंड करून उभे होते. हातातला कप रिकामा होता, तरी धरलेला.

ती समोरच्या खुर्चीत बसली आणि कागद पुढं ओढला.

"नाक घातलंस खाली," मास्तर म्हणाले. "एकदम. बाहेरून चांगलं दिसतं. म्हशीनं पाण्याला तोंड लावावं तसं."

तिनं पेनाचं टोपण काढलं.

मास्तर येऊन बसले. बराच वेळ त्यांनी टेबलावरचा एक डाग नखानं खरवडला. मग अगदी सहज, आज ऊन आहे म्हणावं तसं विचारलं, "तुलाही जड लागला का थ्रॉटल?"

तिनं वर बघितलं. त्यांनी दार उघडून धरलं होतं. एका शब्दाचं काम होतं. थ्रॉटल जड, दुरुस्तीला टाकावा. मास्तर सुटले असते, ती सुटली असती, आणि तंत्रज्ञानं निमूटपणे लोण्याला तेल लावलं असतं. आणि उघडून धरताना ते स्वतःसाठी उघडत नव्हते, हेही तिला दिसत होतं. बारकीला आत घ्यायचं म्हणून धरलं होतं.

"नाही, मास्तर," ती म्हणाली. "हलका होता."

मास्तरांनी मान हलवली. एकदा. मग पुन्हा, जरा सावकाश.

"हात तिथंच होता माझा," ते म्हणाले.

"माझा पण."

"काय करत होता गं तो?"

"वाट बघत होता."

त्यांनी उजवा हात टेबलावर ठेवला आणि त्याच्याकडे बघितलं. घरात बरीच वर्षं राहिलेला पाहुणा नक्की कोणाकडून आपला, हे आठवून बघावं तसं.

"लिही मग," ते म्हणाले.

"दुसऱ्यांदा बरोबर झालं होतं. नियमात—"

"नियम मला सांगतेस? तुला दोनदा नापास केलं होतं, ते काय तुझ्यावर खुन्नस होती म्हणून?" आवाज चढला आणि लगेच उतरला. "लिही, बारके. मला दुसऱ्या कुणी नापास केलेलं चालायचं नाही."

तिनं लिहिलं. थोडंच लिहिलं. पणच्या पुढं काय, ते आता तिला माहीत होतं. कागद फिरवून त्यांच्यापुढं केला. त्यांनी चष्मा शोधला, तो डोक्यावरच होता. वाचलं, सही केली. सही नेहमीसारखी लांबलचक आली.

"बायको खूश होईल," ते उठत म्हणाले. "मिक्सर रडेल."

दाराशी गेल्यावर ते थांबले.

"माझं तू लिहिलंस. तुझं कोण लिहिणार?"

तिची परीक्षा गेल्याच महिन्यात झाली होती. तिच्याच पदाच्या एका सहकाऱ्यानं घेतली होती. सगळ्या रकान्यांत बरोबरची खूण होती, आणि तिनं त्याची घेतली तेव्हाही तशीच होती.

"उद्या उड्डाण आहे माझं," ती म्हणाली. हे उत्तर नव्हतं, ते दोघांनाही कळलं.

*

घरी नवरा जेवणाचं टेबल पुसत होता.

"कसा गेला दिवस?"

"ठीक."

"जेवलीस दुपारी?"

"हो."

ती जेवली नव्हती आणि त्यानं उत्तर ऐकलं नव्हतं. दोघांचं बोलणं गेली काही वर्षं असं आपोआप चालू होतं. त्यात बिघाड म्हणून कधी झाला नव्हता. जेवताना त्यानं पाण्याच्या पाइपाचं सांगितलं, भावजयीचा फोन आल्याचं सांगितलं. ती "हं" म्हणत होती. योग्य ठिकाणी म्हणत होती. मग तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. ठेवला आणि तसाच राहू दिला.

नवऱ्यानं हाताकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"काय गं? मीठ हवंय का?"

"नाही," ती म्हणाली. "आज मास्तरांना नापास केलं मी."

त्यानं घास खाली ठेवला. बऱ्याच दिवसांनी त्यानं काहीतरी खरंच ऐकलं होतं. "अरे देवा," तो म्हणाला. "आणि तू?"

ती हात काढून घेऊन उठली आणि ताटं उचलायला लागली.

*

दुसऱ्या दिवशी हवा स्वच्छ होती. पाठीमागं माणसं पेपर चाळत होती, पोरं रडत होती. शेजारी बसलेला कोपायलट नवा होता, वहीसारखा कोरा. उतरायला घ्यायच्या आधी ती त्याला म्हणाली, "आज हातानं आणते. दोन्ही सोडून."

"काही बिघाड आहे का, मॅडम?"

"विमानात नाही."

कंपनीची मनाई नव्हती. फक्त कुणी करत नसे.

"आणि हे बघ," ती म्हणाली, "माझा वेग जरा जरी कमी दिसला, तर तिथल्या तिथं सांगायचं. मॅडमच्या लक्षात असेल, असं धरायचं नाही. मॅडमचा हात कुठं आहे, ते बघायचं नाही."

"हो, मॅडम."

तिनं अंगठ्यानं एक बटण दाबलं, मग दुसरं. इशारा झाला. या वेळी तिनं तो जरा वेळ वाजू दिला.

विमान हाताला आलं. जड, जिवंत, किंचित डावीकडे ओढणारं. समोर धावपट्टी होती, खरी, ऊन पडलेली. ती वारा ऐकायचा प्रयत्न करत होती. थंड हवेच्या यंत्राची घरघर होती, मागं कुठंतरी भांड्याचा आवाज झाला. वारा त्याच्या खाली कुठंतरी असणार. उंची आली. तिनं विमान सरळ केलं. उजवा हात मुठींवर होता.

"स्पीड," कोपायलट म्हणाला. हळूच, चारचौघांत कुणाच्या ओठाला काही लागलंय हे सांगावं तसं.

"मोठ्यानं," ती म्हणाली, आणि तो हात, दुसऱ्या कुणाचा असावा तसा, पुढं ढकलला.